फोनात जागा नाही

क्रांतीचा व्हिडिओ आला तेव्हा फिरदोस ब्लाउजला हुक लावत बसली होती. मांडीवरचा फोन थरथरला तशी तिनं सुई कापडात टोचून ठेवली आणि पडदा डोळ्यांसमोर धरला. धुरकट चौकोनात क्रांतीचे दोन्ही हात वर उचललेले दिसत होते आणि मधोमध खाली तोंड केलेला बाण. बाणाला बोट लावलं की एकच पाटी यायची, जागा शिल्लक नाही.

फिरदोसला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, आणि क्रांतीलाही. मिरजेला कर्णबधिर मुलींच्या वसतिगृहात दोघी एका खोलीत वाढल्या. लग्न होऊन फिरदोस उंब्रजला आली, क्रांती वडूजला एका फौजीच्या घरी गेली. फिरदोसचा नवरा शोएब टेम्पो चालवायचा. त्याला ऐकू येत असलं तरी त्यानं हातांची भाषा बऱ्यापैकी उचलली होती. क्रांतीचा नवरा मात्र वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा आणि घरात बाकी तिच्याशी बोलू शकणारं माणूस नव्हतं. म्हणून दोघींनी फोनवर बोलायला सुरुवात केली. बाकीच्या बाया फोन कानाला लावतात, या दोघी एकमेकींना व्हिडिओ पाठवायच्या. सासूनं काय म्हटलं, शेळी कशी व्याली, भाकरी कुणाची करपली, सगळं. लोक म्हणायचे, लिहून पाठवा की. लिहिता दोघींनाही यायचं, पण लिहिलं की बोलणं परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखं अंग चोरायचं.

आणि फिरदोसनं त्यातला एकही व्हिडिओ कधी पुसला नव्हता. फोन भरला तेव्हा आधी ब्लाउजांच्या नमुन्यांचे फोटो पुसले, मग पुतण्यांचे, शेवटी स्वतःच्या लग्नाचेही. आता पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तिनं क्रांतीला लिहिलं, काय झालं? उत्तर आलं नाही. व्हिडिओ कॉल लावला, कुणी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपल्या जावेला, जरिनाला, घेऊन वीरधवलच्या मोबाइलच्या दुकानात गेली. जरिनाला हातांची भाषा येत नव्हती, पण घरातल्या घरात जमलेल्या खुणांवर दोघींचं भागायचं. वीरधवलनं फोन बघितला आणि ड्रॉवरमध्ये तोंड घालून बोलायला लागला. फिरदोसला त्याचे ओठ दिसेनात. त्यानं वर बघितलं तरी मिशीआड काही कळेना.

"भाभी, हार्ड डिस्क घ्या," तो जरिनाला सांगत होता. "मेमरी कार्ड नखाएवढं असतंय. कवा बाद हुईल न्हाईतर कवा हरवंल, भरवसा न्हाई. ह्या डबीत आख्खं उंब्रज मावंल."

जरिनानं खुणेनं सांगितलं, मोठं चांगलं, छोटं फुटतं. फिरदोसनं फोनकडे बोट दाखवून विचारलं, याला चालेल? जरिनानं ते विचारलं की नाही कोण जाणे. वीरधवलनं जोरात मान हलवली आणि फिरदोसनं दिलेले शिलाईचे पैसे गल्ल्यात टाकले.

घरी येऊन तिनं ती काळी डबी वायरीनं फोनला जोडली. डबी तळहातावर बारीक थरथरली, दिवा लागला, आणि थरथर थांबली. पुन्हा थरथरली, पुन्हा थांबली. एखादं आजारी पाखरू हातात धरावं तसं. फोन मात्र तापत गेला आणि बॅटरी डोळ्यांदेखत उतरली. शोएबनं दोन वायरी बदलून बघितल्या, मग म्हणाला, "उद्या विचार त्यालाच. मला पहाटे भाजी घेऊन निघायचंय." त्याचं बरोबर होतं, तरी फिरदोसला त्याचाही राग आला.

सकाळी पुन्हा दुकान. वीरधवलनं कपाळाला हात लावला.

"आवं, डिस्कला करंट लय लागतो. तुमच्या फोनात तेवढा दम न्हाई. घरी कम्प्युटर न्हाई व्हय?"

जरिनाच्या खुणेवरून कळलं ते एवढंच, तुझा फोन कमजोर. काल हे का नाही सांगितलं, असं फिरदोसनं हात आपटून विचारलं. जरिनानं तिचा हात खाली दाबला. वीरधवलला जरा ओशाळल्यासारखं झालं असावं. "द्या, मीच भरून देतो," म्हणून त्यानं फोन आपल्या कम्प्युटरला जोडला.

पडद्यावर क्रांतीचे शेकडो छोटे चेहरे रांगेनं उभे राहिले. ते बघून फिरदोसला बरं वाटलं. वीरधवलनं एक व्हिडिओ लावला, स्पीकरचं बटण पिळलं, दुसरा लावला, तिसरा लावला. मग तो जरिनाकडे वळून काहीतरी म्हणाला आणि त्याचा हात भराभर चालायला लागला. फिरदोसला वाटलं, भरतोय. पण रांगा कमी व्हायला लागल्या. खालून एक गेली, तिच्यावरची गेली.

तिनं काउंटरवरून वाकून वायर उपसली. तोंडातून आवाज निघाला हे तिला रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली तेव्हा कळलं.

"आरं, काय झालं?" वीरधवल मागं सरकला. "त्यात आवाजच न्हाई, समदे बाद झाल्यात. जागा व्हावी म्हणून काढत हुतो."

जरिना लाजेनं लाल झाली होती. मदत करत होता बिचारा, तिनं खुणावलं, बाद झालेले होते म्हणे.

फिरदोसनं सावकाश, एकेक खूण तोडून तिला सांगितलं. ते बाद नाहीत. त्याचे कान बाद आहेत.

इतक्या वर्षांत हे व्हिडिओ म्हणजे काय, हे जरिनानंही कधी विचारलं नव्हतं.

मागच्या ईदपासून दिवाळीपर्यंतचं सगळं बोलणं गेलं होतं. तिथं उभं राहून रडायचं नाही एवढंच फिरदोसनं ठरवलं. तिनं काचेखालच्या मेमरी कार्डावर बोट ठेवलं. वीरधवलनं डबी परत घेऊन ते काढून दिलं.

घरी तिनं सुईनं फोनचा कप्पा उघडला आणि कार्ड बसवलं. वाटलं, सुटले. पण व्हिडिओ आपोआप कार्डात जाईनात. निवडायचे, हलवायचे, मध्येच फोन गोठला की बंद करून पुन्हा चालू करायचा. ब्लाउज पडून राहिले. गिऱ्हाईक येऊन दारात तोंड वाकडं करून गेलं. दिवेलागणीला फोन शेवटी मोकळा झाला, तशी तिनं घाईघाईनं क्रांतीचा तो धुरकट चौकोन शोधला.

चौकोन नव्हता. त्या जागी ओळ होती, हा मेसेज डिलीट करण्यात आला.

तिनं फोन गादीवर फेकला. एवढा खटाटोप कशासाठी केला होता? जरिना चहा घेऊन आली, तिनं ओळ वाचली आणि शेजारी बसली. मग तिनं खूण केली, उद्या वडूजला जाऊ. बस.

कराडला गाडी बदलून दोघी वडूजला पोचल्या तेव्हा क्रांती अंगणात ज्वारी वाळत घालत होती. फिरदोस दिसताच तिच्या हातातलं सूप पडलं. पण मिठी मारायच्या आधीच तिचे हात चिडून उठले. "तू बोलत का नाहीस? मी शेवटचं म्हणून पाठवलं, तू बघितलंससुद्धा नाही."

"शेवटचं म्हणजे?"

क्रांतीच्या सासूबाई रंगूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. क्रांतीनं त्यांच्याकडे डोळ्यांनी दाखवलं. फोन यांनी कपाटात ठेवलाय. मला कुणकुण लागली होती, म्हणून आधीच तुला सांगायला पाठवलं. तू बघेनास तेव्हा काल कपाट उघडं दिसलं, तर तेवढं पुसून टाकलं.

"पुसलं कशाला?"

"माझ्या फोनातलं मी रोजच पुसते, या वेळी घाईत दोन्हीकडचं गेलं. धाकटे दीर बघतात आणि माझी नक्कल करतात."

हिनं काहीच ठेवलं नव्हतं. दोघींचं सगळं बोलणं एकट्या फिरदोसकडे होतं, त्यातलं कितीतरी काल दुकानात गेलं होतं. तिला क्रांतीचा राग आला आणि रागावता येईना.

जरिना रंगूबाईंजवळ गेली. "मावशी, फोन का काढून घेतला हो हिचा?"

"आगं बाई, सारखं त्यात तोंड," रंगूबाई म्हणाल्या. "येकटीच हातवारे करती. शेजारपाजारची लोकं इचारत्यात, सून बरी हाय न्हवं? मी काय सांगू?"

"हातवारे न्हाईत ते. बोलती ती," जरिना म्हणाली. कालपर्यंत तिलाही माहीत नव्हतं, हे तिनं सांगितलं नाही. फिरदोसच्या हातातून फोन घेऊन तिनं खुणेनं विचारलं, जुना कुठला?

फिरदोसनं कार्डातला क्रांतीच्या लग्नानंतर महिन्याभराचा व्हिडिओ लावला. हिरव्या चुड्यातली क्रांती चुलीपुढं बसून सांगत होती, पहिल्या दिवशी तिनं आमटीत मिठाऐवजी साखर कशी घातली आणि सासऱ्यांनी तोंड न वाकडं करता कशी संपवली. हात असे उडत होते की पडद्यावर नुसता हिरवा पट्टा दिसायचा, आणि मध्येच हसून ती मागं कलंडायची.

रंगूबाईंनी फोन लांब धरून बघितला, पुन्हा जवळ धरला.

"ही हसती व्हय अशी?" त्यांनी जरिनाला विचारलं. "आमी तर कवा बघितलं न्हाई."

क्रांती त्यांच्या खांद्यावरून बघत होती. व्हिडिओ संपला तशी तिनं पुन्हा लावायला सांगितलं. मग फिरदोसकडे वळून हळूच म्हणाली, "मी एवढी भरभर बोलायची?"

फिरदोसनं आत्ता नीट बघितलं. अंगणात आल्यापासून क्रांतीचे हात अडखळत होते. एक खूण तर ती चुकली होती. रोज बोलायला समोर कुणी नसेल तर हात तरी कसे चालणार? फोनातही तिचे हात असे मंदावत गेले असणार, आणि आपण व्हिडिओ नुसते साठवले, ते मंदावणं बघितलं नाही.

रंगूबाई आत गेल्या. फोन घेऊनच येतील असं फिरदोसला वाटलं, पण त्या पोह्यांच्या ताटल्या घेऊन आल्या. "फोनाचं बघू," त्या जरिनाला म्हणाल्या, "हिच्या सासऱ्याला इचारते सांजच्याला." एवढंच. फिरदोसनं ओठांवरून ते वाचलं.

तिनं ताटली बाजूला ठेवली, क्रांतीचा हात धरून तिला ओट्यावर समोरासमोर बसवलं आणि म्हणाली, "ईदपासून सांग. माझ्याकडचं तिथपासूनचं पुसलं गेलंय."

क्रांतीनं डोकं खाजवलं. मग सुरुवात केली. पहिलं वाक्य तिला दोनदा करावं लागलं, तिसऱ्यांदा जमलं, आणि मग शेळीची गोष्ट आली तेव्हा तिचं तिलाच हसू फुटलं.

जरिनानं फिरदोसच्या खांद्याला हात लावून स्टँडच्या दिशेला बोट दाखवलं. गाडी निघायची वेळ झाली होती. फिरदोसनं तिच्याकडे न बघताच तळहात वर केला, थांब.