केसभर मागे

"काका, अजून थोडं चुका ना," काचेपलीकडून प्रोड्यूसरबाईचा आवाज हेडफोनमध्ये आला. "अगदी थोडंसं. मघापेक्षा जरा जास्त."

ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या. सकाळी दहापासून हा अकरावा टेक होता आणि अकराच्या अकरा वेळा त्याचा गुन्हा एकच होता, तो बरोबर वाजवत होता.

"अगं बाई, चुकायचं म्हणजे नेमकं किती? छटाक, पावशेर, काही माप आहे का त्याला?"

"माप नाही हो. फील."

या शब्दाचा त्याला आयुष्यभर जाच झाला होता. ज्यांना काय हवं ते सांगता येत नाही, ते फील म्हणतात, असं त्याचं स्पष्ट मत होतं. पण समोरची मुलगी तशी बिनडोक नव्हती, हीच तर पंचाईत होती. तिशीची असेल. गाणं तिनेच बांधलेलं, तीच यंत्रावर बसणारी, आणि त्याला हुडकून काढणारीही तीच. त्याच्या काळी प्रोड्यूसर म्हणजे मागच्या सोफ्यावर जांभया देत बसणारा आणि मधूनच "गाणं जरा आनंदी करा" म्हणणारा गृहस्थ. आता प्रोड्यूसर म्हणजे ही. हिच्यावर धड चिडताही येत नव्हतं, कारण ती दर वेळी आधी "सॉरी काका" म्हणायची.

"सॉरी काका, जरा आत येता? दाखवतेच तुम्हाला."

तो आत गेला. पडद्यावर उभ्या रेघा होत्या आणि त्याच्या अकराव्या टेकचा प्रत्येक ठोका रेघेवर जाऊन बसला होता, फणीच्या दातासारखा. त्याखाली दुसरी पट्टी होती. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका गाण्याची. तिथले ठोके रेघेच्या जरा उजवीकडे पडले होते, कोणी कमी, कोणी जास्त.

"हे पण तुम्हीच आहात काका," ती म्हणाली. "केसभर मागे. पण काय डुलतं ते! आमच्या सगळ्या वाजवणाऱ्या मुलांनी हे गाणं पाठ केलंय. मला हे हवंय."

"मग तुझ्या मशीनमध्ये मागे सरकवायचं बटण असेलच की."

"आहे ना. दाबून बघितलं." तिने दाबून दाखवलं. सगळे ठोके एकदम सारख्या अंतराने मागे गेले आणि गाणं एका पायाने लंगडल्यासारखं चालू लागलं. "ठरवून लंगडतंय नुसतं. तुमचं कसं, कधी जास्त थांबतं, कधी कमी. आणि दर वेळी बरोबरच वाटतं. ते कसं करायचात?"

आता यावर काय सांगणार? तो ते करत नव्हता. ते त्याच्याकडून होत होतं, आणि त्यापायी त्याने काय काय ऐकून घेतलं होतं ते या मुलीच्या गावीही नव्हतं.

त्या वेळी सगळ्या वाद्यवृंदात त्याला 'उशिरे' म्हणत. त्याचं आडनाव तेच आहे असं समजून एका नव्या व्हायोलिनवाल्याने त्याला त्या नावाने पत्रसुद्धा धाडलं होतं. संगीतकार साहेब तोंडाचे फटकळ. "आलं बघा वरातीमागून घोडं!" असं ते भर तालमीत सगळ्यांदेखत म्हणायचे. "उशिरे, तुमच्या ठोक्याची वाट बघता बघता आमचा गायक म्हातारा होईल." सगळे हसायचे. तोही हसायचा आणि घरी जाऊन जेवायचा नाही.

मग क्लिक आली. कानात टिक टिक वाजायची आणि तिच्या बाहेर पाऊल टाकलं की गच्छंती. त्याने लंबकाचं एक लाकडी यंत्र आणलं आणि ते घरात सुरू केलं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, अशी नऊ वर्षं. "अहो, ते बंद करा, नाहीतर मी माहेरी जाते," बायको म्हणायची. "तिथलं घड्याळ निदान बंद पडलेलं आहे." एकदा जेवताना ती त्याच्याकडे टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुम्ही घाससुद्धा मोजून चावता." पण त्याने नेट सोडला नाही. दहाव्या वर्षी साहेबांनीच त्याचं नाव बदललं. उशिरेचा 'घड्याळ' झाला. त्या दिवशी तो बायकोसाठी साडी घेऊन घरी गेला होता.

त्यानंतर लोकांच्या कानांचे लाड पुरवता पुरवता त्याचे केस पिकले. आधी ठोका घट्ट हवा होता. मग गुहेतून आल्यासारखा घुमणारा. मग टाळीसारखा कोरडा. मग फरशीसुद्धा हादरेल असा. मशीन आलं तेव्हा सांगितलं, मशीनसारखं वाजवा. तो मशीनसारखं वाजवायला शिकला तेव्हा म्हणाले, मग मशीनच वापरतो की. आणि आता ही मशीनवाली पोर सांगत होती, माणसासारखं वाजवा! म्हणजे नऊ वर्षं घासून घासून जो डाग काढला, तोच यांना कापडावर नक्षी म्हणून हवा होता. कपाळावर हात मारून घ्यायचं म्हटलं तर हातात काठ्या होत्या.

तो परत बाहेर येऊन बसला. "क्लिक बंद कर," म्हणाला.

क्लिक बंद झाली. त्याने वाजवलं. तिने आत पडद्यावर पाहिलं आणि हळूच मान हलवली. क्लिक नसतानाही ठोका रेघेवरच होता.

मग त्याने खुर्ची खाली केली. डाव्या हाताची काठी उलटी धरली. डोळे मिटले. मुद्दाम उशीर केला, तर स्वतःलाच लाज वाटावी असं वाजलं, दारू न पिता दारुड्याचं सोंग आणावं तसं. सतराव्या टेकला त्याने चिडून पायातले बूट काढले.

"बुटांचा काय संबंध काका?" तिने विचारलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं!" तो ओरडला. "लिहून ठेव तुझ्या त्या पडद्यावर. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ना? माझा पीळ गेला. हा सुंभ तेवढा उरलाय, घेऊन जा."

बोलून झाल्यावर त्यालाच वाईट वाटलं. खरं सांगायचं तर तो तिच्यावर चिडलाच नव्हता. सव्विसाव्या वर्षी आपण जो होतो तो माणूस आपण स्वतःच्या हातांनी पुसून टाकला की काय, ही भीती त्याला सकाळपासून खात होती. जगाने चूक म्हटलं आणि आपण मान डोलावली. आता जग म्हणतंय ती चूक नव्हतीच, आणि आपल्याकडे परत द्यायला काही नाही.

"ते जुनं गाणं लाव," तो शेवटी म्हणाला. "गायक नको, व्हायोलिनं नकोत. नुसते ड्रम."

"नुसते ड्रम आत्ता लगेच नाही मिळणार. कंपनीच्या कपाटातून मूळ टेप काढून घेतलीय मी, पण त्यात ड्रम आणि बेस गिटार एकाच पट्टीवर आहेत. एकाच माइकवर घेतलेत."

"असणारच. शेजारी शेजारी होतो आम्ही. लाव."

तिने लावलं. हेडफोनमध्ये आधी नुसती खोलीची सुरसुर आली. मग तो स्वतः. मग खालून बेस. त्याने सवयीने पायाने ठेका धरला, चार ओळी गेल्या, आणि पाय थांबला.

"मागे घे. आवाज वाढव."

दर चौथ्या ठोक्याच्या आधी काहीतरी होतं. सुं... असं. टेपची खरखर नव्हती ती. कोणीतरी श्वास घेत होतं.

बेस वाजवणारा माणूस ढोलासारखा होता आणि सगळे त्याला जाडोबा म्हणत. त्याला दमा होता. जाड तार ओढायच्या आधी तो श्वास घ्यायचा, त्याचा उजवा खांदा वर जायचा, आणि खांदा खाली आला की तार वाजायची. कधी श्वास चटकन मिळायचा, कधी मिळायचा नाही. ड्रमर त्या खांद्याकडे बघून काठी खाली आणायचा. याबद्दल त्यांचं कधी बोलणं झालं नव्हतं. समोरचा दमेकरी जिना चढताना आपणही पायरीवर थांबतो, तितकंच ते साधं होतं.

आणि पुढचंही त्याला आठवलं, जे आठवायला नको होतं. साहेबांनी एके दिवशी गाणं थांबवून विचारलं होतं, "कोण मागे पडतंय? तू की बेस?" सगळ्या खोलीसमोर. तो सव्वीस वर्षांचा होता, लग्न ठरलं होतं. तो म्हणाला होता, "बेस."

जाडोबा गिटार पिशवीत घालताना फक्त म्हणाला, "बरोबर आहे त्याचं, साहेब. मलाच दम लागतो." पुढच्या महिन्यापासून त्याला बोलावणं येईनासं झालं. नंतर कोणीतरी सांगितलं, तो एका दुकानात पडद्याचं कापड कापून देतो. सहा वर्षांपूर्वी तो गेला, तेही असंच कोणाकडून तरी कळलं. आणि ड्रमर मात्र इतकी वर्षं समजत होता की आपला उशीर त्या लंबकाने घालवला.

"काका, बरं वाटत नाहीये का?" ती काचेतून विचारत होती.

"बाहेर ये," तो म्हणाला. "इथे, माझ्या उजवीकडे उभी राहा. बेसची ओळ येते ना तुला? ती तोंडाने म्हण. जोरात. आणि प्रत्येक ओळीआधी पोटभर श्वास घे."

"मी? मला गाता नाही येत काका."

"फार बरं. ये."

ती आली, संकोचून उभी राहिली, आणि "डुम्, डुडुम्" करू लागली. पहिल्या दोन ओळी तिला हसू आवरेना. मग तिला खरोखरच श्वास पुरेना. तिचा खांदा वर गेला, आणि त्याची काठी हवेत थांबली. खांदा खाली आला, काठी पडली. पुढच्या ओळीला ती जास्त रेंगाळली, तो जास्त थांबला. त्यापुढच्या ओळीला त्याने थांबायचा विचार करणंही सोडून दिलं. त्याच्या मनगटात काहीतरी सैल झालं आणि ते गाणं डुलायला लागलं, अगदी तसंच, जसं चाळीस वर्षांपूर्वी डुललं होतं. तीन मिनिटं तरी चाललं असेल. तिचे डोळे मोठे झाले होते, म्हणणं थांबवायचं नाही एवढं मात्र तिला कळत होतं. शेवटचा ठोका पडल्यावर दोघंही हलले नाहीत, झांजेचा आवाज पूर्ण विरेपर्यंत. विरत्या आवाजाच्या शेपटावर बोलायचं नाही, हा टेकचा नियम दोघांच्याही अंगात मुरलेला.

"आलं," तो म्हणाला. "आलं गं! लाव, ऐकू दे."

तिचा चेहरा उतरला.

"काका," ती म्हणाली, "रेकॉर्डचं बटण आत आहे. आणि मी इथे होते."

काही क्षण त्याला कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याने काचेपलीकडच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. दिवसभर ज्या ज्या गोष्टींवर तो चिडला होता त्या सगळ्या या एका गोष्टीपुढे किरकोळ होत्या. बटण! एवढी रेघारेघांची यंत्रं, एवढे माइक, आणि माणूस एकच!

"सॉरी काका, सॉरी, सॉरी. आता चालू ठेवून येते ना. परत करू."

परत केलं. चारदा केलं. पण आता ती श्वास मोजून घेत होती, चांगलं व्हावं म्हणून अगदी वेळेवर घेत होती, आणि आपण तिच्या खांद्याकडे बघतोय हे त्याला कळत होतं. पडद्यावर फणीचे दात पुन्हा एका रांगेत बसले. आता ती घड्याळ झाली होती.

तीन वाजले तेव्हा दोघांनी हात टेकले. ती त्याच्यासमोर खाली मान घालून बसली. "मी जुन्या टेपचाच तुकडा घेते, काका. कंपनीची परवानगी आहे. बेसचा आवाज तेवढा रात्रभर बसून मशीनने वेगळा करून पुसून टाकीन, माझ्या गाण्यात वेगळा बेस आहे. पण मी आज ऐकलंय. ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"नको सांगूस."

"तुमचं नाव घालते खाली. ड्रम्स, आणि तुमचं नाव. चालेल?"

तो बूट घालत होता. नाडी बांधून झाल्यावर त्याने वर पाहिलं आणि जाडोबाचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. इतक्या वर्षांत ते त्याने एकदाही तोंडाने उच्चारलं नव्हतं, तरी न अडखळता आलं.

"हे कोण?"

"तू पुसणार आहेस तो."

"पण काका, त्यांचं काहीच उरणार नाही गाण्यात. त्यांनी काय वाजवलं म्हणून लिहू?"

"ड्रम्स," तो म्हणाला. "दोघांच्याही पुढे ड्रम्सच लिही. आणि त्याचं वर घाल."

तिने त्याच्याकडे पाहिलं आणि लिहिलं. त्याने खिशातून चष्मा काढून पडद्यावरचं वरचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं. मग काठ्या उचलल्या आणि पिशवीत घातल्या.