पुजाचे सहाशे बारा

ऊसतोडीला निघालेल्या ट्रॉलीत भांड्याकुंड्यांच्या ढिगावर बसून पुजा आजाला दम देत होती.

"आज्या, फोन संभाळ. आन् माझा आकडा मोडू नको, सांगून ठेवते!"

"मोडला तर?" प्रेमदासने विचारलं.

"झोपेत मिशी कापीन तुझी."

दहा वर्षांची पोर. आईबाप ऊस तोडतील, तेव्हा फडावरच्या पाचटाच्या कोपीत धाकट्या भावाला कोण बघणार, म्हणून तिला नेलं. जुना फोन ती आजाकडे ठेवून गेली. त्यातल्या गेममध्ये टीव्हीवरच्या कार्टूनमधलं, सगळ्या लेकरांच्या ओळखीचं अस्वलाचं पिल्लू पळायचं. बोट लावलं की उडी मारायचं, मधाचा एकेक थेंब टिपायचं, थेंबागणिक आकडा एकाने वाढायचा, बोट चुकलं की खड्ड्यात पडायचं. वर तिचा सगळ्यात मोठा आकडा लिहिलेला असायचा, 'पुजा ६१२'.

प्रेमदासला अक्षरं तिनेच शिकवली, साठी उलटल्यावर, त्याच ओळीवर त्याचं बोट धरून. जन्मभर अंगठा उठवणाऱ्या माणसाने वाचलेला पहिला शब्द म्हणजे तिचं नाव.

तिच्यावाचून त्याला करमेना. आल्यावर चिडवायला बरं, म्हणून तो शेळ्यांमागे बाभळीखाली बसून खेळू लागला. संक्रांतीनंतर एका दुपारी पिल्लू सहाशे चाळीसवर जाऊन पडलं. गेमने नाव विचारलं. त्याने एकेक अक्षर शोधत 'आजा' लिहिलं. त्याने लिहिलेला तो पहिला शब्द.

"येऊ दे आता भवानीला," म्हणून तो शेळ्यांपुढे एकटाच हसला. गेममध्ये एकच नाव राहतं, सगळ्यात वरच्या आकड्याचं, हे तेव्हा त्याच्या ध्यानातही आलं नाही.

चौथ्या दिवशी त्याच्या लेकाचा, हरिचंदचा फोन आला. पोरीला ताप होता. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणत कोपीतच राहिली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. माती तिकडेच दिली.

प्रेमदासला तिचं तोंडही दिसलं नाही. निदान नाव तरी बघावं म्हणून त्याने गेम उघडला. वर 'आजा ६४०' होतं. पुजा तिथेही नव्हती.

बाजारच्या दिवशी तो कळमनुरीला उजैरच्या मोबाईलच्या दुकानात गेला.

"चाचा, आकडा तर भारी केला तुमी," उजैर म्हणाला. "गेम काहून काढायला लावून राहिले?"

"काढ, न् पुन्हा टाक. मला शून्यापासून पाहिजे."

"नातीला हरवायचं दिसतं! घेऊन या की तिला एकदा दुकानावर."

"तिचंच नाव लिहायचंय पुन्हा. बराबर सहाशे बारावर."

प्रेमदासच्या तोंडाकडे पाहून उजैरने गेम काढला आणि पुन्हा टाकून दिला.

आता एकच काम उरलं. सहाशे बाराच्या आत कितीदाही पडलं तरी चालत होतं. पुढे जाऊन चालणार नव्हतं. पण म्हातारं बोट दोनशे-तीनशेवरच चुकायचं. होळीनंतर तांडा परत आला. हरिचंद घरात बसेना, आणि पुजाची आई, शिला, बोलेना. एकदा दिवस कलताना ती धाकट्याला मांडीवर घेऊन सासऱ्याशेजारी येऊन बसली.

"काय करून राहिले, मामा?"

त्याने सगळं सांगितलं. ती उठली नाही.

त्या दिवशी पिल्लू पळतच राहिलं. पाचशे झाले. सहाशे झाले. शिला हलक्या आवाजात मोजू लागली.

"सहाशे दहा. अकरा. बारा! मामा, बारा झाले. आता बोट नका लावू."

समोर खड्डा होता. बोट लावलं नाही की पिल्लू आत पडणार, आणि आकडा पोरीचा होणार. प्रेमदासने हात आखडला. पिल्लू खड्ड्याच्या कडेला आलं.

आणि त्याचं बोट पडलंच.

पिल्लू पलीकडे गेलं. सहाशे तेरा.

"काहून लावलं?" शिलाने हंबरडा फोडला. "झालं होतं की, मामा! बराबर झालं होतं!"

"पडत होतं ना गं ते," प्रेमदास म्हणाला. "माझ्या डोळ्यादेखत पडत होतं."

पुढे दुसरा खड्डा आला. या वेळी बोट शिलाने लावलं.