देवपूरचं द्वारदर्शन

दोन वर्षं घरी बसून काढल्यावर गोपालला जळगावच्या प्रेमराजशेठनी डाळ मिलमध्ये सुपरवायझर म्हणून ठेवून घेतलं. आईने गल्लीभर पेढे वाटले. नोकरी आहे म्हटल्यावर लग्नाचं स्थळही चालून आलं. तेवढ्यात धुळ्याच्या एका ऑइल मिलमधून मुलाखतीचा निरोप आला. तिथे पगार जास्त. साखरपुडा झाला म्हणून दुसरीकडचे पोहे खाऊ नयेत असं कुठे आहे, असा गोपालने विचार केला.

प्रश्न फक्त रजेचा होता. त्यासाठी त्याने मावशीला मारलं. गोपाल तसा पापभीरू, एका वेळी एकच खोटं बोलणारा. म्हणून मावशीचं नाव यशोदाबाई, राहणार धुळ्याचं देवपूर, पाण्याच्या टाकीजवळ, हे सगळं त्याने खरंखरं सांगितलं. जीव तेवढा घेतला.

शेठ हळहळले. खानदेशात माणूस एखादं लग्न चुकवेल, द्वारदर्शन चुकवत नाही. ज्या घरी माणूस गेलं तिथे जाऊन घटकाभर बसायचं, ओळख असो नसो. गोपालला हे ठाऊक होतं. पण नव्या नोकराच्या मावशीला एवढा मान मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून तो धुळ्याच्या ऑफिसात बसला. मालक जागेवर नव्हते. त्यांचे जळगावचे व्याही आलेत, त्यांच्या कामगाराकडे कुणी वारलंय, दोघं देवपूरला द्वारदर्शनाला गेलेत, असं दारातल्या टेबलावर बसलेल्या मेघा नावाच्या मुलीने सांगितलं. असा माणुसकीचा मालक मिळणार म्हणून गोपाल खूश झाला. मग त्याला घाम फुटला.

फोन वाजला. मावशी होती.

"गोप्या, मी जित्ती शे ना रे? मंग ह्या लोके मना घर तोंड पाडीसन कसाले बठेल शेतस?"

मावशीने फोन शेठकडे दिला.

"गोपाल, मावशी ठणठणीत आहेत. चहा पाजताहेत," शेठ शांतपणे म्हणाले. "एवढे लांब आलोच आहोत, तर द्वारदर्शन तुझ्या नोकरीचं झालं असं समज. आणि आमच्या व्याह्यांकडे आज गोपाल नावाचा एक मुलगा मुलाखतीला यायचाय म्हणे. तो तूच का?"

गोपालने फोन ठेवला. मेघाने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि बसा म्हणाली, मालक निघालेच आहेत. तो मात्र उठला. दोन्ही नोकऱ्या एकाच दुपारी गेल्या होत्या, स्थळही आता जाणार होतं, आणि धुळ्यात रडायला हक्काचं घर होतं ते एकट्या मावशीचं.