खुर्ची बाहेर आहे

मी एक जुनी झुलती खुर्ची आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, गप्प राहणं मला जमत नाही. वारा आला तरी मी हलते, ट्रक गेला तरी हलते. त्यात मी राहते अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात. इथली माणसं तर माझ्याहून चंचल! आज या घरात, वर्षभराने त्या घरात. बिऱ्हाड पाठीवर घेऊनच फिरतात जणू.

माझं लाकूड मात्र ठाम बसणारं. मी पूर्वी चर्चमधला बाक होते. मोठा रस्ता करायचा म्हणून आमचं चर्च पाडलं आणि शेजारची घरंही पाडली. तेव्हा रेल्वेच्या यार्डात काम करणारे रॉस्को त्या ढिगाऱ्यातून माझ्या फळ्या खांद्यावर टाकून घरी आले. त्यांनी मला घडवलं, पायांखाली वाकड्या पट्ट्या ठोकल्या आणि बायकोला म्हणाले, "लुवेनिया, बस. आता कुणी ढकललं तर झुलायचं, पण उठायचं नाही."

"आधी नीट घासून तर दे! माझा झगा फाटला म्हणजे?" लुवेनिया म्हणाली. पण बसली, आणि मग जन्मभर बसली.

ओसरीवर तिला करमायचं नाही. तिथे रस्त्यावरचं बोलणं अर्धंच ऐकू येतं, अशी तिची तक्रार. म्हणून मला रोज फुटपाथच्या कडेला, मेपलच्या झाडाखाली आणलं जाई. रविवारी आळीतलं नवं चर्च सुटलं की सगळी आळी माझ्याभोवती जमायची. एकदा लिअँडर नावाच्या बस चालवणाऱ्या तरुणाने गप्पांच्या नादात तापलेला तवा माझ्या हातावर टेकवला. चर्रर्र झालं! तो अर्धगोल चटका अजून आहे. रॉस्कोंनी त्याला अशा काही शिव्या घातल्या की पाद्रीसाहेबांनी कानावर हात ठेवले.

पुढे रॉस्को गेले. घरभाडी वाढत गेली आणि आमची माणसं एकेक करून शहराच्या पार पूर्व टोकाला राहायला गेली. लुवेनियाचे गुडघेही गेले, ती चर्चला जाईना. पण रविवारी चर्चसाठी ही मंडळी गाड्या काढून जुन्या आळीत यायची आणि परतताना आमच्याकडे थांबायची. त्यांचा हिशोब सोपा होता. खुर्ची बाहेर म्हणजे लुवेनिया घरात. घर विकत घ्यायला माणसं यायची, तेव्हा ती म्हणायची, "माझ्यासाठी गाडी थांबतेय तोवर मी इथेच. ज्या दिवशी कुणी थांबणार नाही, त्या दिवशी घेऊन जा हे घर."

आळीत नवे लोक आले ते काही वाईट नव्हते हो! कुत्री फिरवायचे, हसून बोलायचे. पण त्यांची एक रीत होती. नको झालेली वस्तू फुटपाथच्या कडेला ठेवायची, तिच्यावर 'फुकट' असा कागद चिकटवायचा आणि ज्याला हवी त्याने न्यायची. इथे पाऊस फार. कागद भिजून गळून पडतो, म्हणून कागद नसला तरी लोक वस्तू बिनदिक्कत उचलतात.

एका संध्याकाळी असाच पाऊस नुकता थांबला होता. लुवेनियाने मला पुसलं, बसली, आणि मक्याचा पाव करपेल म्हणून आत गेली. तेवढ्यात पलीकडच्या आळीतला कॉल्बी आणि त्याची बायको डेलेनी आले.

"अगं, हे बघ! कसली मस्त खुर्ची टाकून दिलीये!"

"अरे, विचार तरी कुणाला."

"विचारायचं काय त्यात? कडेला ठेवलीये म्हणजे फुकटच. कागद गेला असेल पावसात."

मी जिवाच्या आकांताने झुलले, मित्रांनो! तो म्हणाला, "सांधे जरा ढिले झालेत. करू दुरुस्त." आणि मला उचलून चालू लागला.

त्या घरात मला निळा रंग लावला. माझ्या मांडीवर भलीमोठी कुंडी ठेवली आणि ती सांडू नये म्हणून पट्ट्यांखाली दोन जाडजूड पुस्तकं सरकवली. झुलणं बंद! जीव नुसता कासावीस व्हायचा. रविवारी गाड्यांचे आवाज यायचे आणि एकच विचार मला पोखरायचा. मी बाहेर नाही. मग कुणी थांबेल का? आणि कुणी थांबलं नाही, तर लुवेनिया काय करेल?

असं किती दिवस चाललं कोण जाणे. मग कॉल्बीचंही भाडं वाढलं आणि त्यांनी सामान बांधायला घेतलं. एका रविवारी मला पुन्हा फुटपाथच्या कडेला ठेवलं. या वेळी कागद होता. गाड्या जात होत्या, आणि अचानक एक गाडी करकचून थांबली.

"लुवेनिया!" सवयीने हाक मारत लिअँडर उतरला. आता त्याचे केस पार पांढरे झाले होते.

कॉल्बी खोकं घेऊन बाहेर आला. "घेऊन जा काका, चांगली आहे. फुकट आहे."

लिअँडरने माझ्या हातावरून बोट फिरवलं. रंगाखालचा खड्डा त्याला बरोबर सापडला. "हा चटका माझा आहे. कुठून आणलीस ही?"

"त्या मेपलखाली टाकलेली होती."

"टाकलेली नव्हती रे पोरा! ती तिथे राहायची. त्या घरी जाऊन विचारतो, लुवेनिया कुठे गेली ते."

कॉल्बीचा चेहरा उतरला. त्याने खोकं खाली ठेवलं आणि मला उचललं. "मीही येतो," तो म्हणाला.

दार उघडायला लुवेनियाला फार वेळ लागला. तिच्यामागे बांधलेली खोकी दिसत होती.

"तू अजून इथेच?" लिअँडर थक्कच झाला.

"मग काय मेले? तुम्हीच मला विसरलात मेल्यांनो! साधी खुर्ची बाहेर मांडून वाट बघितली, एक जण थांबेल तर शपथ!"

"आम्ही झुलती खुर्ची शोधत होतो. वाटलं, घर विकून गेलीस. न सांगता गेलीस म्हणून राग आला होता मला. फोन तरी कशाला करायचा, म्हटलं. ही आळीच टाळायला लागलो, आज म्हणून तर पलीकडच्या रस्त्याने आलो."

"गाढवा," ती म्हणाली आणि रडली. मग डोळे पुसून कॉल्बीकडे वळली. "आणि हा दवाखान्याच्या भिंतीचा रंग कुणी फासला?"

"मीच, आजी. चूक झाली. सगळा खरवडून देतो."

"दे. पण आधी मला बसू दे."

दुसऱ्या दिवशी घर घेणारे गृहस्थ आले. लुवेनिया मेपलखाली झुलत होती.

"बाई, तुम्ही तर हो म्हणाला होतात."

"तेव्हा मी उभी होते," ती म्हणाली. "आता बसलेय."

ते पुन्हा येतील, हे मला ठाऊक आहे. रात्रंदिवस माझं लक्ष रस्त्याकडेच असतं. पण मित्रांनो, तुम्हाला माझी एक विनंती आहे. एखादी खुर्ची, एखादं घर रिकामं दिसलं तर ते बेवारस आहे असं समजू नका. कुणीतरी पाव बघायला आत गेलं असेल. आधी दार वाजवा. आणि जरा थांबा. आतल्या माणसाचे गुडघे दुखत असतात.