जसंच्या तसं

सभागृहाचं कामकाज टीव्हीवर सुरू झालं, की पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहानसा चौकोन उघडे आणि त्या चौकोनात ती उभी दिसे. काळा सदरा, पाठीमागे निळी भिंत, हात मोकळे. सभागृहात जे बोललं जाईल ते ऐकू न येणाऱ्यांना खुणांच्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. काम सभागृहामागच्या काचेच्या खोलीत चाले आणि मंत्र्यांना तिचं अस्तित्व ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

या कामाचा एक नियम बाहेरच्यांना हमखास विचित्र वाटे. बोलणारा ‘मी’ म्हणाला, की दुभाषीनेही ‘मी’च म्हणायचं. ‘मंत्री असं म्हणतात’ वगैरे मध्यस्थी करायची नाही. मंत्री रागावले तर आपण रागवायचं, विरोधकांनी टोमणा मारला तर तोही आपणच मारायचा, कारण त्या भाषेत अर्धं बोलणं चेहराच करतो. एका बैठकीत ती चार-पाच वेळा पक्ष बदले. इतकं सभागृहातल्या मुरलेल्यांनाही जमलं नव्हतं, आणि तिला त्याबद्दल साधं उपमंत्रिपदसुद्धा कुणी देत नसे.

ऐकू न येणाऱ्यांच्या क्लबात नावांना काम नसतं, प्रत्येकाची एक खूण असते. तिची खूण होती भुवया. लहानपणापासून तिच्या पोटातलं सगळं भुवयांवर उमटे. तिच्या बाबांची खूण होती गळ्यातली टेप, कारण त्यांनी उभा जन्म शिंप्याच्या दुकानात कापड बेतण्यात काढला होता. बाबा जन्मापासून बहिरे. आई गेल्यावर ते मुलीकडे राहायला आले, पण येताना अट घालून आले. घरातलं दूध, साबण आणि नातीचे बूट हा खर्च त्यांच्या पेन्शनमधून होईल. जावयाने आढेवेढे घेतले तेव्हा त्यांनी सांगितलं, “मग पाहुणा म्हणून बोलवा. आठ दिवस राहून जाईन.” जावयाने अट मानली. पेन्शनच्या दिवशी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत आणि परत येताना त्यांच्या चालण्यात कमावत्या माणसाचा ताठा असे.

आणि आता सभागृहात विधेयक आलं होतं. कमावत्या मुलांबरोबर एका छताखाली राहणाऱ्या म्हाताऱ्यांचं पेन्शन बंद करायचं. तिजोरीत खडखडाट आहे, असं सरकारचं म्हणणं. तिजोरीत खडखडाट झाला की सरकारला म्हातारी माणसं आठवतात, हा जगाचा नियम आहे.

चर्चेच्या पहिल्या दिवशी विरोधी बाकांवरून एक माजी नर्स बोलली. तिने दुरुस्ती मांडली होती, की मुलांकडे राहिलं तरी पेन्शन चालू राहावं. “हे दान नाही. त्यांच्या पगारातून दर महिन्याला कापून घेतलेले पैसे आहेत. माणूस कुठे झोपतो, ते बघून परत द्यायचे की नाही ते ठरवणार का?” हे सांगताना चौकोनातल्या भुवयांना जरा जास्तच चेव आला, पण ते नियमात बसत होतं. नर्सही चेवातच होती.

मग विधेयक मांडणारे मंत्री उठले. त्यांनी चष्मा पुसला, आवाज खाली आणला आणि घरची गोष्ट सांगायला घेतली. “माझे वडील माझ्या घरी राहतात. त्यांना काही कमी नाही. पैसे लागले तर माझ्याकडे मागतात, मी देतो. मुलाकडे मागण्यात कसली आली लाज?”

तिने ‘माझे वडील’ अशी खूण केली आणि हात थांबला. क्लबातल्या मोठ्या टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीत बाबा बसलेले असणार, हे तिला माहीत होतं. भोवती सगळे ओळखीचे. त्या सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने नाही तरी स्वतःच्या हातांनी, ‘माझे वडील मागतात, मी देते’ असं म्हणणं तिच्या जिवावर आलं. तिने बोट बाजूला नेलं, जिकडे मंत्री उभे होते तिकडे. तो म्हणतो. पुढचं सगळं भाषण तिने तसंच केलं. तो म्हणतो, त्याचे वडील मागतात. तो म्हणतो, कसली लाज. भुवया अशा काही वर गेल्या, की मंत्र्यांचं हसंच झालं.

बैठक संपल्यावर मुख्य दुभाष्याने तिला बाजूला घेतलं. “पहिल्यांदाच झालंय, सोडून देतो. पण तो मंत्री आहे की गाढव, हे आपण ठरवायचं नाही.” तिने मान डोलावली. मनातून मात्र तिला बरं वाटत होतं, अगदी मूठभर मांस चढलं होतं.

घरी बाबा वाट बघत बसले होते. चप्पल काढायच्या आतच त्यांचे हात सुरू झाले.

“काय केलंस ते?”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“क्लबात सगळे हसले. तुझ्या भुवयांना. तो माणूस काय बोलला, कसा बोलला, ते कुणी बघितलंच नाही. तो खरंच चांगला मुलगा आहे की ढोंगी आहे, ते मला बघायचं होतं. तू सांगून मोकळी झालीस.”

“बाबा, त्याचं बोलणं मी माझं म्हणून कसं सांगू?”

“तुला पगार त्याचाच आहे.” ते थांबले, मग जरा सावकाश पुढे म्हणाले, “लहानपणी डॉक्टर बराच वेळ बोलायचा आणि तू मला सांगायचीस, काही नाही, गोळ्या घ्या. तेव्हा तू पोर होतीस. घाबरायचीस, मी समजून घ्यायचो. ऐकणाऱ्या माणसांना दोन कान असतात, एक ऐकायला, एक सोडून द्यायला. आम्हाला तेवढी चैन नाही. मला चिडायचं असेल तर मी त्याच्यावर चिडेन. तू मध्ये उभी राहिलीस तर मला तो दिसत नाही.”

बाबांचं खरं होतं, आणि खरं बोलणाऱ्या बापापुढे गप्प बसावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी चर्चेला उत्तर दिलं. आदल्या दिवशीच्या गोष्टीचं त्यांच्या बाकांवर कौतुक झालं होतं, त्यामुळे ती त्यांनी पुन्हा सांगितली आणि या वेळी चांगली लांबवली. तिने ती जशीच्या तशी केली. माझे वडील माझ्या घरी राहतात. चेहऱ्यावर मंत्र्यांचाच अभिमान, मंत्र्यांचीच ती किंचित वाकडी मान. त्यांना काही कमी नाही. मागतात, मी देते. भुवया जागेवर होत्या. संताप येत होता, पण तो तिचा होता, मंत्र्यांचा नव्हता, म्हणून तिने तो बाहेर येऊ दिला नाही.

मग मतदान झालं. नर्सची दुरुस्ती पडली. विधेयक मंजूर झालं, बाकं वाजली. बाकं वाजवल्याची खूण करून ती चौकोनातून बाजूला झाली.

संध्याकाळी बाबा शांत होते. “आज चांगलं केलंस,” ते म्हणाले. “आज मला तो दिसला. ढोंगी नाही तो. त्याला खरंच तसं वाटतं. ते जास्त वाईट.” मग म्हणाले, “उद्या तुला सुट्टी आहे ना? लाँड्रीच्या वर एक खोली आहे भाड्याने. वेगळं राहिलं तर पेन्शन चालू राहतं. घरमालकाशी बोलायला कुणीतरी लागेल.”

तिने हातातली पिशवी खाली ठेवली. “काही गरज नाही. तुम्हाला लागतील ते पैसे मी देईन. मागायचे फक्त.”

खूण करून झाल्यावर तिला ती दिसली, मंत्र्यांचीच होती. बाबांनीही पाहिली. खोली बघायला जायचं, हे तिथेच ठरलं.

घरमालक गोल तोंडाचा, बोलका माणूस होता. त्याने खोली उघडून दिली. एक खिडकी, एक मोरी, भिंतीला ताजा चुना. “आधीच सांगतो, खाली दिवसभर मशीन चालतात. आवाजाचा त्रास होईल.” तिने गंभीर चेहऱ्याने ते बाबांना सांगितलं. बाबांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं आणि तिने ते मोठ्याने म्हटलं, “तेवढं मी सांभाळून घेईन.”

घरमालकाच्या उशिरा लक्षात आलं आणि तो ओशाळला. मग त्याने विचारलं, “एकटे राहणार? का बरं?”

बाबांचे हात चालू झाले. ती बोलायला लागली. “मला मुलीकडे राहायचं नाही. मुलगी चांगली आहे. जावईही चांगला आहे. पण तिथे राहिलो तर मला मागून घ्यावं लागेल. या वयात ते शिकायची माझी इच्छा नाही.” एकही शब्द तिने गाळला नाही, कुठे मऊ केला नाही.

घरमालक गोंधळला. बाबांकडे बघावं की तिच्याकडे, हे त्याला कळेना. शेवटी तो तिला म्हणाला, “आणि ताई, तुम्हाला चालतंय हे?”

हा प्रश्नही बाबांना सांगायलाच हवा होता. तिने तो खुणांनी सांगितला. बाबांचे हात हलले नाहीत, प्रश्न त्यांना नव्हता. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तेव्हा ती एकदम दोन्हीकडे बोलली, हातांनीही आणि तोंडानेही. “नाही चालत. मला ते घरी हवे आहेत.”

बाबांनी ते नीट वाचलं. खोटं सांगितलं असतं तर त्यांना कळलं असतं. त्यांनी मान हलवली आणि ते खोलीत फिरून बघायला लागले. खिडकी उघडून बघितली, मोरीचा नळ सोडून बघितला. दाराशी येऊन बाहेरच्या घंटेचं बटण दाबलं, त्याची वायर आत कुठे जाते ते बघितलं आणि घरमालकाकडे वळून काहीतरी सांगितलं.

“काय म्हणतात?” घरमालकाने विचारलं.

हे सांगताना मात्र तिचा आवाज जागेवर राहिला नाही.

“या घंटेच्या जागी मला एक दिवा लावून द्या, बटण दाबलं की पेटणारा. माझी मुलगी येत जाईल. ती आलेली मला कळायला हवी.”