रेघ मी तोडली

मी एक माउस बोलतोय. संगणकाचा. मान वर करून सांगावं असं माझ्याजवळ फारसं नाही. तरी सांगतो, कारण एकदा लपवलं आणि त्याचं फळ दुसऱ्यानं भोगलं.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे हजारो होते. पण माझ्या डाव्या बटणासारखा आवाज कुणाचा नव्हता. टक् म्हणजे टक्. त्याची मला घमेंड होती.

एका बाईनं मला विकत घेतलं. फलक छापून द्यायचं तिचं दुकान. एक खोली, दोन संगणक, मागे छपाईचं यंत्र. सहा वर्षं मी तिच्या तळव्याखाली राबलो. औषधांची दुकानं, शिकवणीचे वर्ग, हरवलेली मांजरं, सगळ्यांचे फलक केले.

सातव्या वर्षी बटण आतून झिजलं. दाबून धरलं की मध्येच क्षणभर सुटायचं आणि पुन्हा लागायचं. मला कळलं होतं. मी गप्प बसलो. निकामी वस्तू कुठे जातात ते टेबलाखालच्या टोपलीत रोज दिसत होतं. तेवढ्यात बाईनं बिनवायरचा नवा माउस घेतला आणि मला वडिलांपुढे ठेवलं.

"बाबा, हा तुमचा. जुनं ते सोनं."

"मला म्हणतेस की याला?"

बाबा म्हणजे पेंटर. चाळीस वर्षं त्यांनी हातानं पाट्या रंगवल्या. रेघ ओढताना श्वास धरायचा आणि रेघ संपेपर्यंत ब्रश उचलायचा नाही, ही त्यांची शिस्त. छापील फलक आले आणि हातच्या पाट्या गेल्या. लेकीच्या दुकानात नुसतं बसून राहणं त्यांच्या जिवावर यायचं.

एक दिवस दिव्यांच्या दुकानाचा मालक आला. "गल्ल्यामागच्या भिंतीवर चित्र हवंय. फुलं नकोत, माणसं नकोत. नुसत्या रेघा. पण पेटलेल्या."

"रेघा ना?" बाबा म्हणाले. "मी काढतो."

लेकीनं रीत शिकवली. आधी सगळं काळं करायचं. त्यावर बारीक पांढरी रेघ ओढायची. तिची नक्कल करून ती धूसर करायची, निळा रंग द्यायचा आणि रेघेखाली सरकवायची. अशा दोन-तीन नकला, एकीपेक्षा एक पसरट. मग रेघ पेटल्यासारखी दिसते.

"म्हणजे उजेडाची सावली," बाबा म्हणाले. लेक बघतच राहिली.

त्यांनी श्वास धरला, बटण दाबलं आणि रेघ ओढली. काय वळण होतं! धूर चढावा तसं. आणि ऐन वळणावर मी सुटलो. पापणी लवायच्या आत पुन्हा लागलो, पण रेघ तुटली ती तुटलीच. तिची दोन टोकं एकमेकांवर चढली. पेटलेल्या रेघेत असं झालं की तिथला उजेड दुप्पट होतो. गाठीसारखा ठिपका पडतो. लपत नाही.

"बाबा, मध्येच सोडलंत का?"

"नाही."

पुन्हा ओढली. पुन्हा ठिपका. चार दिवस हेच.

"मी माउस बघू का जरा?" लेकीनं विचारलं.

"काही नको. नाचता येईना अंगण वाकडं! जन्मभर लोकांना हेच सुनावलंय मी. हत्याराला बोल लावतो तो कारागीर नव्हे."

या खेपेला अंगणच वाकडं होतं. ते अंगण मी. मला तोंड नाही, हे खरं. पण साफ बंद पडता आलं असतं. पडलो नाही. टोपलीला भ्यालो.

मालक चित्र बघायला आला. "रेघा झकास आहेत. पण जागोजागी गचके खातात. फडफडणारा दिवा माझ्या दुकानात चालायचा नाही."

"हात माझा," बाबा म्हणाले. "कापतो आता."

त्यांचा हात कापत नव्हता. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? तो माझ्या पाठीवर होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून ब्रशांचा डबा आणला. सगळे ब्रश शेजारच्या सुताराला दिले.

"घे, सरस लावायला."

"अहो पेंटर, एवढे मऊ केस सरसात बुडवू?"

"घे म्हटलं ना."

रिकामा डबा टेबलावर राहिला. बाबा यायचे थांबले. घरी चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरतात, असं लेक फोनवर नवऱ्याला सांगत होती.

महिन्याभरानं तिचा नवा माउस रुसला. तिनं मला ओढलं. दिव्यांच्या दुकानाचं चित्र उघडून ती एक रेघ सुधारू लागली. रेघ तुटली. तिनं मनगट टेबलावर टेकवून दहा रेघा ओढल्या. दहाही तुटल्या.

"अगं बाई," ती म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून बसली. मग उठली ती थेट बाबांना घेऊनच आली.

"बाबा, तुमचा हात नव्हे. हा. हा मेला!"

बाबांनी मला चालवून बघितलं. मग हात समोर धरला. बराच वेळ धरला. बोटं जागची हलली नाहीत.

"तू बघते म्हणालीस," ते म्हणाले. "मीच बघू दिलं नाही."

नवा माउस आला. बाबांनी सगळ्या रेघा नव्यानं ओढल्या, एकेका श्वासात. आज ते चित्र दिव्यांच्या दुकानात आहे. सुताराकडे ते स्वतः गेले होते. ब्रश सरसात वाळून दगड झाले होते. एकही वाचला नाही.

मला वाटलं, आता शिवी आणि टोपली. बाबांनी शिवी दिली नाही. झिजलेला ब्रश पुसावा तसं मला फडक्यानं पुसलं, वायर नीट गुंडाळली आणि त्या डब्यात ठेवलं. टोपली परवडली असती.

तुमच्या घरी कुणी म्हातारं माणूस "माझा हात गेला" म्हणालं, तर त्याचं ऐकू नका. त्याच्या हातातली वस्तू आधी बघा. ते नको म्हणेल, तरी बघा.

डबा मोठा आहे. चाळीस वर्षांचे ब्रश मावायचे त्यात. आता मी एकटाच आहे.