एक चूल

"हा डब्बा कोणाचा?"

"तेलाचा होता साहेब. आता हवेचा आहे."

साहेब हसले नाहीत. वायरलेस तपासणीला आलेला माणूस. हिंगणघाटच्या उन्हात गच्चीवर उभा.

कापसाच्या जिनिंगमधला इलेक्ट्रिशियन हेमराज. त्याने तेलाच्या डब्यात तांब्याची तार बसवून अँटेना केला होता, तो कॉम्प्युटरच्या बिनतारी कार्डाला जोडला होता. डब्याचं तोंड रस्त्यापलीकडे, थोरल्या भावाच्या, भैय्याजींच्या खिडकीकडे. तिथेही असाच डब्बा. घशाच्या ऑपरेशनात भैय्याजींचा आवाज गेला होता. ते तिकडून टाईप करायचे, हेमराज इकडे वाचायचा.

नियम, साल दोन हजार चार, साहेबांच्या तोंडून: घरातल्या घरात चालेल. घराबाहेर परवाना. घरी बनवलेल्याला मान्यता हवी.

"मंग घरातच आहे न! चूल एकच आहे आमची. माही बायको मनकर्णा इकडं रांधते, ताट तिकडं जाते. भैय्याजी जेवले का ताट धुतात, ओट्यावर पालथं ठेवतात. याले दोन घरं काऊन म्हणता?"

"मधे रस्ता आहे."

"रस्ता का चूल तोडते, साहेब?"

साहेब रस्ता ओलांडून गेले. दाराला कुलूप. भिंतीवर मीटरची नुसती फळी. मीटर काढून नेलेला.

"भाऊ कुठे आहेत?"

हेमराज रस्त्याकडे पाहत राहिला. मागून मनकर्णाबाई म्हणाली, "पोळ्याच्या आधी गेले ते. तेरवीपासून म्या ताट नेलं नाई."

हेमराजच्या खोलीत परतले तेव्हा पडद्यावर ओळ होती.

भूक लागली

साहेबांनी तार उपटली. कार्ड काढलं. हात पँटला पुसले. पडद्यावर पुढची ओळ आली.

मनकर्णाले सांग

मग साहेबांनी पंचनामा पुढे केला, जरा घाईनेच.

"दोन घरं, मधे रस्ता, असं लिहिलंय. सही करा. सामान जप्त, पण केस नाही."

"दोन घरं? नाई करत सही."

"केस होईल."

"होऊ द्या."

(पुढच्या वर्षी नियम सैल झाला. केस मात्र जुन्या नियमाची होती.)

जीप गेली. साहेबांच्या मांडीवर डब्बा. एवढ्या उन्हातून उतरवलेला, तरी गार.

मनकर्णाबाईने ताट वाढलं. भाकर, झुणका, कांदा. पदराखाली धरून रस्ता ओलांडला, बंद दाराच्या ओट्यावर ठेवून आली.

उन्हं कलल्यावर हेमराज ताट आणायला गेला.

ताट पालथं होतं. कडेवरून अजून पाणी निथळत होतं.